जावयाला जावा

नव्व्याण्णव साली ज्येष्ठ अधिक आला आणि ज्ञानेशला सासुरवाडीहून धोंडे खायचं बोलावणं आलं. लग्नानंतरचा त्याचा हा पहिलाच धोंड्याचा महिना. अंबडच्या कारखान्यातल्या मित्रांनी त्याला आधीच तयार करून ठेवलं होतं. कुणाला सासऱ्याने अंगठी घातली होती, कुणाला मनगटी घड्याळ. ज्ञानेश तोंडाने "छे छे, मला काही नको" म्हणत होता. पण कारखान्यात त्याचं काम सुट्या भागांची मापं तपासायचं, त्यामुळे स्वतःच्या बोटाचं माप त्याने एकदा गुपचूप घेऊन ठेवलं होतं.

सासरा मखमलाबादचा. गोटीराम नाव. झेंडू, शेवंती आणि थोडा भाजीपाला करणारा, अंगाने आडवा, आवाजाने त्याहून आडवा. जेवणं झाली, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊन ज्ञानेशचा पट्टा एक भोक मागे सरकला, तेव्हा गोटीरामांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "चला जावईबापू, भाईर चला."

घर जरा उंचवट्यावर होतं. अंगणातून रस्त्याकडे चांगला घसरता उतार. त्या उताराच्या तोंडाशी, गळ्यात झेंडूची माळ घालून, एक फटफटी उभी होती. मरून रंगाची जुनी जावा. टाकीच्या दोन्ही बाजूंना चकचकीत पत्रा, गोल दिवा, बैलाच्या शिंगांसारखं हँडल. देवळाली कॅम्पमधल्या कुणा सुभेदाराची बदली झाली तेव्हा गोटीरामांनी ती त्याच्याकडून घेतली होती, आणि तेव्हापासून झेंडूची पोती लादून फुलबाजारात नेली होती. तिचा आवाज पार गंगापूर रस्त्यापर्यंत ओळखू येतो, असं गावात म्हणत.

गोटीरामांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, घसा साफ केला आणि म्हणाले, "जावयाला जावा! कशी काय?"

"आठ दिवस घोकतायत," दारातून नवसाबाई, म्हणजे ज्ञानेशची सासू, म्हणाली. "झोपंतसुदिक."

ज्ञानेशने मनातली अंगठी काढून ठेवली. पण फटफटीकडे पाहता पाहता त्याच्या डोळ्यांपुढे कारखान्याचं फाटक आलं. सगळ्यांच्या त्या सारख्या दिसणाऱ्या काळ्या गाड्यांच्या रांगेत ही मरून महाराणी उभी करायची, वा! त्याने वाकून सासऱ्याच्या पायाला हात लावला.

"बसा," गोटीराम म्हणाले. "उताराकडं तोंड करूनच लावली हाय. दुसरा गेर टाका, क्लच दाबा, आन् द्या सोडून खाली."

"सोडून कशाला, मामा? किक मारतो ना."

"कशाला उगा तरास? देवानं उतार फुकट दिलाय."

एवढ्यावर ज्ञानेशने ऐकायला हवं होतं. पण अंगणात आळीतली माणसं जमली होती, दारात बायका होत्या, त्यात नुकतीच धोंड्यासाठी नवी साडी नेसलेली त्याची बायको शुभांगी होती, आणि ती ज्या नजरेने त्याच्याकडे पाहत होती ती नजर फार भरवशाची नव्हती. मित्राची स्कूटर त्याने शंभर वेळा चालू केली होती. त्याने तोच दिमाख इथे आणला. जावाचा गिअरचा दांडा आत दाबून मागे फिरवला की तोच किकचा दांडा होतो, हे त्याला ठाऊक होतं. तसा तो फिरवला, वर पाय ठेवला आणि पानाची पिचकारी टाकावी इतक्या सहज खाली दाबला.

दांडा अर्ध्यात गेला आणि परत आला. नुसता आला नाही; आला तो एखाद्या व्यायलेल्या म्हशीने झाडलेल्या लाथेसारखा आला. ज्ञानेशचा पाय गुडघ्यापर्यंत वर उडाला, पायातली चप्पल कौलांवर गेली, आणि तो स्वतः मागच्या झेंडूच्या ढिगात जाऊन बसला. बसला तो अगदी व्यवस्थित, मांडी घालून, पूजेला बसल्यासारखा.

अंगण हसलं. नवसाबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला. शुभांगीने तोही त्रास घेतला नाही.

हसले नाहीत ते एकटे गोटीराम. ते लगबगीने आले, खाली बसले आणि जावयाचा घोटा हातात घेतला. "हितं ठणका लागला ना? आन् हितनं कळ वर पोटरीत जातीय? हां. तळव्याला मुंग्या येतील आता. येतील आन् जातील."

खरोखर मुंग्या आल्या. सासऱ्याला एवढी अचूक माहिती कशी, असा प्रश्न ज्ञानेशच्या मनात येता येता राहिला, कारण तेवढ्यात कौलांवरून चप्पल काढायला शिडी आणा असा गलका झाला.

शेवटी उतारच कामी आला. मागे शुभांगी, तिच्या मांडीवर धोंड्याच्या वाणाची पिशवी, आणि जावा घरंगळत रस्त्याला लागता लागता "फट्‌ फट्‌ फटर्र" करून जागी झाली. गोटीराम हात हलवत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर पोरगी दुसऱ्यांदा सासरी धाडल्यासारखा निश्चिंत भाव होता.

*

ज्ञानेशचं घर सिडकोत. सिडको कशी, तर पोळपाटासारखी सपाट. उतार म्हणून शोधायचा तर गटारावरच्या फरशीचा तेवढा.

पहिल्या सकाळी ज्ञानेशने किक मारली तेव्हा शेजारचे हवालदार सावळीराम दात घासत ओट्यावर उभे होते. देवळालीच्या तोफखान्यात आयुष्य काढून ते निवृत्त झाले होते. दांडा उलटा आला, ज्ञानेश "आई गं" म्हणत एका पायावर नाचला, आणि हवालदारांनी ब्रश तोंडातून काढून शांतपणे विचारलं, "रिकॉइल?"

"काय?"

"तोफ गोळा टाकते आणि स्वतः मागे येते. त्याला रिकॉइल म्हणतात. पण तोफेचं एक बरं असतं, तिच्या मागे उभं राहायचं नाही एवढी अक्कल असलेल्या माणसालाच आम्ही भरती करायचो."

दुसऱ्या सकाळी हवालदारांनी चहाचा कप बाहेर आणला. तिसऱ्या सकाळी खुर्ची आणली. त्यांची बायको मैनाकाकू भाजी निवडायची परात घेऊन बसू लागली. समोरच्या घरातून, वरच्या गॅलरीतून सल्ले येऊ लागले. कुणी म्हणे जोर कमी पडतो, जेवण वाढवा. कुणी म्हणे चोक ओढा, कुणी म्हणे मुळीच ओढू नका. एका गृहस्थांनी गाडीची दृष्ट काढायला सांगितली आणि दुसऱ्यांनी, ज्ञानेशचे पाय पाहून, "गाडीची कशाला?" असं म्हटलं.

ज्ञानेशची खरी चूक अशी होत होती की पहिल्या दिवसापासून तो घाबरून किक मारत होता. दांडा उलटा येणार, या धास्तीने तो पाय अर्ध्यावरच सैल सोडायचा. आणि पाय अर्ध्यावर सैल सुटला की दांडा हमखास उलटा यायचा. मग धास्ती आणखी वाढायची. पण हे त्याला तेव्हा कळत नव्हतं. त्याला एवढंच कळत होतं की दहा-बारा लाथा खाल्ल्यावर एखादी किक लागते. त्याने कारखान्यातले, बोटांवर लोखंडी टोप्या असलेले बूट घरी आणले. ते घालून, खाली पायजमा, वर बनियन, अशा थाटात तो सकाळी फटफटीपुढे उभा राहायचा तेव्हा शुभांगी खिडकीतून म्हणायची, "अहो, हेल्मेटपण घाला. आणि जमलं तर आधी तिच्या पाया पडा."

शुभांगी एरवी शहरासारखं नीट बोलायची. नवऱ्याला चिडवायचं असलं की मात्र तिला माहेरची बोली आठवायची. "लय मारती का हो? नाय, आप्पांना सांगते. म्हणावं, तुमची फटफटी जावयाला सासुरवास करती."

कारखान्यात ज्ञानेश लंगडत जायचा. न्हाणीघरात पाय घसरला, असं त्याने सांगितलं. पुढच्या आठवड्यातही लंगडत होता तेव्हा पुन्हा घसरला म्हणाला. त्याच्याबरोबर मापं तपासणाऱ्या आल्हादने मान हलवली आणि म्हणाला, "न्हाणीघर बदल बाबा. का न्हाणीघरालाही दोन स्ट्रोकचं इंजिन आहे?" कारण सिडकोतून अंबडला पोचायला बातमीला किक मारावी लागत नाही.

एकदा रागाच्या भरात ज्ञानेशने सासऱ्याला फोन लावला. "मामा, तुम्ही रोज किक कशी मारायचा हो?"

पलीकडे खाकरल्याचा आवाज आला. मग गोटीराम म्हणाले, "त्याचं काय हाय जावईबापू, तिचं तिलाच शिकवू द्यावं. आपण मधी बोलू नाय. बरं, तिकडं आसपास उतार नाय का एखादा? नाय? आरं आरं. बरं ठेवतो, मळ्यात पाणी सुटलंय."

*

रविवारी वणीला जायचं ठरलं. गडावर देवीचं दर्शन, येताना दिंडोरीत जेवण, असा शुभांगीचा बेत. ती सकाळीच आवरून, केसांत गजरा माळून तयार होती. हवालदार खुर्चीत होते. त्यांच्या ओट्यासमोर खाट टाकली होती आणि खाटेवर पांढऱ्या लुगड्यावर मैनाकाकूंनी पहाटेपासून घातलेल्या कुरडया वाळत होत्या. उन्हाळी कामांचा तो शेवटचा घाणा. काकूंनी गव्हाचा चीक तीन दिवस सांभाळला होता.

ज्ञानेशने बूट चढवले, देवीचं नाव घेतलं आणि किक मारली. या खेपेला दांडा पुरता उलटा आला नाही. मध्येच एक हिसका बसला, बुटाच्या आत अंगठा कळवळला, आणि इंजिन चक्क चालू झालं! आवाज जरा घोगरा, धुराडं खोकल्यासारखं करत होतं, पण चालू होतं.

"पहिल्या किकला!" ज्ञानेश ओरडला. "काका, बघितलं का? पहिल्या किकला!"

हवालदारांनी खुर्चीतून सलाम ठोकला. शुभांगी ऐटीत मागे बसली, पदर सावरला. ज्ञानेशने आजूबाजूच्या गॅलऱ्यांकडे एकदा पाहून घेतलं, पहिला गिअर टाकला, पुढे पाहिलं आणि क्लच सोडला.

जावा मागे निघाली.

थोडीथोडकी नाही, चांगली जोमात मागे निघाली. ज्ञानेश पुढे पाहत होता, हँडल पुढच्या हिशेबाने वळवत होता, आणि सिडको त्याच्यापासून दूर दूर जात होती. त्याला वाटलं आपण गिअर चुकीचा टाकला. घाबरून त्याने मूठ आणखी पिळली. "अहो, मागं! अहो, मागं चाललीय!" शुभांगी किंचाळली. "मागं गिअर नसतो हिला!" ज्ञानेश ओरडला, जणू काही ते सिद्ध केल्यावर गाडी थांबणारच होती. हवालदार मात्र शिपाईगडी. ते खुर्चीसकट बाजूला झाले. खाट शिपाईगडी नव्हती.

धूळ खाली बसली तेव्हा फटफटी आडवी होऊन बंद पडली होती, ज्ञानेश तिच्या शेजारी बसला होता, आणि शुभांगी खाटेवर, कुरडयांच्या ऐन मधोमध, पाय हलवत होती. तिला लागलं असेल म्हणून मैनाकाकू धावल्या, तर ती हसत होती. इतकी हसत होती की तिला बोलता येईना. "काकू," ती कशीबशी म्हणाली, "माझ्या पाठीवर किती नक्षी उठली बघा हो."

मैनाकाकूंनी आधी तिच्या पाठीकडे पाहिलं, मग कुरडयांकडे, मग ज्ञानेशकडे. "मला गाडीतलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "पण वणी पुढे आहे, एवढं कळतं."

*

वणी राहिली. दुपारभर शुभांगीने काकूंच्या ओट्यावर बसून उरलासुरला चीक नव्याने घाटला आणि कुरडया घालून दिल्या. ज्ञानेशने सोऱ्या दाबला. ती शिक्षा त्याला सर्वानुमते झाली होती. संध्याकाळी घरी येऊन तो भिंतीला टेकून बसला, पाय गरम पाण्यात.

"गाडी मागे जाईलच कशी?" तो चौथ्यांदा म्हणाला. "मागचा गिअरच नाही. मग इंजिनच उलटं फिरलं म्हणायचं. पण इंजिन उलटं फिरेल कसं?"

शुभांगी शिवणयंत्रावर बसली होती. ती शेजारपाजारच्या बायकांचे ब्लाउज शिवायची. "त्यात काय? माझं मशीनपण फिरतं की उलटं."

"तुझं मशीन आणि इंजिन एक आहे का?"

"मला काय ठाऊक? हे बघा." तिने पायटा दाबला. चाक एक झटका घेऊन उलट्या दिशेने फिरलं आणि दोरा तट्‌कन तुटला. "चाक नको त्या जागी थांबलेलं असलं आणि वरून पाय दिला, की ते आपल्या मर्जीने कुठंही जातं. म्हणून आधी हाताने चाक थोडं पुढं काढायचं, आणि मग पायटा." तिने हाताने चाक आपल्याकडे ओढलं, पाय दिला, आणि मशीन सुतासारखं सरळ चालू लागलं.

ज्ञानेश पाण्यातून पाय काढून ओल्या पायांनीच मशीनपाशी गेला. त्याने चाक हाताने फिरवलं, थांबवलं, पुन्हा फिरवलं. मग तिच्या खडूने तिच्याच कापडावर तो काहीतरी काढू लागला.

"तो ब्लाउजपीस आहे," शुभांगी म्हणाली.

"ऐक ना. पिस्टन वर जातो. अगदी वर पोचायच्या जरा आधी ठिणगी पडते. का, तर जळायला थोडा वेळ लागतो म्हणून. पिस्टनला वेग असला तर तो वरचं टोक ओलांडून पलीकडे उतरतो आणि स्फोट त्याला पुढे ढकलतो. पण वेगच नसला, माझ्यासारखा कुणी भीत भीत पाय दाबत असला, तर पिस्टन टोकाच्या अलीकडेच अडखळतो. तेवढ्यात ठिणगी पडते. मग स्फोट त्याला आला तसा खाली परत ढकलतो. तीच माझी लाथ! आणि दोन स्ट्रोकच्या इंजिनाला दोन्ही दिशा सारख्याच. उलटं फिरायला लागलं की बिचारं फिरतच राहतं."

"म्हणजे फटफटीत खोट नाही."

"नाही."

"मग कुणात हाय?" शुभांगीने माहेरच्या बोलीत विचारलं आणि ओठ दातांत दाबून दोरा ओवू लागली.

दुसऱ्या दिवशी ज्ञानेशने हवालदारांची खुर्ची बाहेर यायच्या आत तालीम सुरू केली. चावी बंद ठेवली, म्हणजे ठिणगीच नाही आणि लाथेचं भय नाही. कार्बोरेटरवरचं बटण पेट्रोल पाझरेपर्यंत दाबलं. मग दांडा हळूच, पायाच्या वजनाने खाली दाबत गेला. एका जागी तो घट्ट झाला. आत दाब धरला होता. ती जागा त्याने पायाने ओळखून घेतली, जरासा नेट लावून ती नेमकी ओलांडली, आणि दांडा सोडून पुन्हा वर येऊ दिला. आता पिस्टन टोकाच्या पलीकडे होता, म्हणजे त्याला पुन्हा वर यायला पुरी फेरी होती आणि तेवढ्यात वेग धरता येणार होता. हेच शुभांगीचं हाताने चाक पुढे काढणं. मग चावी लावली, गुडघा ताठ न ठेवता जरा वाकवला, आणि सगळं अंग त्या दांड्यावर टाकलं. पाय मध्ये थांबू दिला नाही, थेट तळापर्यंत नेला.

जावा लागली. सरळ, गोल, भरल्या आवाजात. ज्ञानेशने खात्री म्हणून गिअर टाकून क्लच अगदी केसभर सोडला. पुढे सरकली.

त्याने गाडी बंद केली आणि पुन्हा किक मारली. पुन्हा लागली. हवालदार खुर्ची घेऊन बाहेर आले तोवर त्याने सहा वेळा तरी चालू-बंद करून झालं होतं. हवालदारांनी थोडा वेळ पाहिलं, खुर्ची परत आत नेली आणि आत जाताना म्हणाले, "करमणूक गेली सकाळची."

*

पुढच्या रविवारी दोघं मखमलाबादला गेले. शुभांगी वाटेत एवढंच म्हणाली, "आप्पांपुढं जास्त मिरवू नका हं." "छे," ज्ञानेश म्हणाला, आणि गाडी उताराकडे न लावता थेट अंगणाच्या मागच्या सपाट खळ्यात, अगदी गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून लावली.

गोटीराम बाहेर आले आणि त्यांचा चेहरा उतरला. "हितं का लावली? आता ढकलत न्यावी लागंल. उतारावर लावा ना, उतार का कुणी नेला?"

"राहू द्या हो मामा," ज्ञानेश म्हणाला. त्याने दांडा हळूच दाबून जागा ओलांडली, वर येऊ दिला, चावी फिरवली आणि एक किक मारली. जावा लागली. त्याने ती बंद केली, पुन्हा एक मारली. पुन्हा लागली.

गोटीरामांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. तेवढ्यात आतून नवसाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली. फटफटीकडे पाहिलं, गोठ्याच्या भिंतीकडे पाहिलं, जावयाच्या शाबूत पायाकडे पाहिलं, आणि कितीतरी वर्षं दाबून ठेवलेलं तिच्या तोंडून फुटलंच.

"बघा! पोरानं सपाटीवर चालू केली. आन् तुम्ही जन्मभर उतार हुडकत हिंडले!"

"नवसे, गप."

"का गप? जावईबापू, ऐका. घेतली त्याच सालात हिनं ह्यांना अशी हाणली, अशी हाणली, का घोट्याला पलिस्तर. त्यानंतर ह्यांनी त्या दांड्याला पाय लावला नाय. घर उंचावर बांधलं ते कशानं वाटतं तुम्हाला? लोक म्हणत्यात पुराच्या भ्यानं. फुलबाजारात गाडी कुठं लावत? नदीकडच्या उतरंडीला. कुणाच्या लग्नाला जायचं तर आधी इचारायचं, मांडव सपाटीला हाय का चढाला. आन् वणीच्या गडावर दर पुनवेला! लोकास्नी वाटायचं, केवढी भक्ती. भक्ती कसली, निस्ता उतारच उतार!"

शुभांगी खळ्याच्या कडेला मटकन खालीच बसली. "आप्पा! पण तुम्ही तर सांगायचे, सर्ज्या बैलानं लाथ मारली म्हणून पाय मोडला!"

गोटीरामांनी गोठ्याकडे पाहिलं. "तसं सांगितलं खरं."

"आन् त्या गरीब बैलाला," नवसाबाई म्हणाली, "गावातली पोरं दगडं मारायची. मारका म्हणून. जल्मात त्यानं माशीबी हाकलली नसंल जोरात. इकायला काढला तर कुणी घेईना. म्हातारा होऊन हितंच गेला, बदनामीत."

आता मात्र सगळेच हसले, आणि हसता हसता ज्ञानेशचं लक्ष सासऱ्याकडे गेलं. आडव्या अंगाचा तो माणूस टोपीची घडी उगाच मोडत उभा होता. कान लाल झाले होते. ज्ञानेशला झेंडूच्या ढिगात बसलेला स्वतःचा अवतार आठवला, लोखंडी टोप्यांचे बूट आठवले, न्हाणीघर आठवलं. बैल आणि न्हाणीघर यांत फरक तो काय! मनात घोकून आणलेलं 'मामा, पाय का ठेवायचा भीत भीत' हे वाक्य त्याने तसंच गिळलं.

"मामा," तो म्हणाला, "चला, गोठ्यामागं जाऊन येऊ. मला तंबाखूचा मळा दाखवा."

"माझा तंबाखूचा मळा नाय."

"चला तर."

गोठ्यामागं कुणी नव्हतं. ज्ञानेशने फटफटी तिथवर ढकलत नेली. चावी बंद. "पाय ठेवा. दाबा हळू. घट्ट लागलं? हां, तिथंच. आता थोडा नेट, ओलांडा. सोडा. वर येऊ द्या. आता हिच्या मनात लाथ मारायचं असलं तरी जागा नाही तिला."

"नक्की?"

"तुम्ही भ्यालात तर मात्र मारेल. मध्ये थांबायचं नाही. मारली तर पुरी मारायची, नाहीतर मारायचीच नाही."

गोटीरामांनी धोतर खोचलं. चावी लावली. एकदा पाय ठेवला, काढला. घोटा चोळला. पुन्हा ठेवला. "माझं काय जास्तकमी झालं तर नवसाबाईला सांगा..."

"बैलानं मारली म्हणून सांगतो."

गोटीराम खदखदून हसले, आणि त्या हसण्यातच सगळं अंग दांड्यावर पडलं. जावा एका किकला लागली. गोठ्यातल्या दोन्ही गाई दावं ताणून मागं झाल्या. गोटीराम फटफटीकडे असं बघत होते, जणू इतकी वर्षं दारात उभी असलेली कुणी बाई आज पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली होती.

त्यांनी ती बंद केली. पुन्हा किक मारली. पुन्हा बंद केली. ज्ञानेश भिंतीला टेकून उभा राहिला, घाई नव्हती.

जेवणं झाली, दुपार कलली, तशी गोटीरामांची चुळबुळ सुरू झाली. चार वेळा खळ्यात जाऊन आले. शेवटी जावयाच्या शेजारी येऊन बसले. "जावईबापू, वाईट वाटून घेऊ नका. दिलेलं परत मागू नाय. पण आठ दिस... आठच दिस राहू द्या का हितं?"

नवसाबाईने कपाळावर हात मारला. शुभांगीने नवऱ्याकडे पाहिलं. ज्ञानेशला कारखान्याचं फाटक दिसलं, रांगेतली ती मरून महाराणी दिसली, आणि समोर आडव्या अंगाचा तो माणूस दिसला. "राहू द्या ना मामा," तो म्हणाला. "अंबडला काय, बसही जाते."

"आन् पुढच्या धोंड्याला अंगठी. शब्द हाय."

"पुढचा धोंडा दोन वर्षांनी," शुभांगी म्हणाली.

"तवर बोट कुठं जातंय का?"

बस सुटायला अवकाश होता. दोघं झेंडूची पिशवी घेऊन चालत थांब्याकडे निघाले. मागून जावाचा आवाज आला, फाटकापाशी आला आणि बंद पडला. मग किक, पुन्हा आवाज. मारुतीच्या पारापाशी, जिथे जमीन सगळ्यात सपाट, तिथे आवाज पुन्हा बंद झाला. माणसांचा गलका ऐकू आला; कुणीतरी विचारत होतं, आप्पा, बंद पडली का? धक्का देऊ का?

"धक्का?" गोटीरामांचा आडवा आवाज थांब्यापर्यंत स्वच्छ पोचला. "सरका बाजूला."

शुभांगी थांबली. ज्ञानेशही थांबला. एक किक. फट्‌ फट्‌ फटर्र.

बस आली तेव्हा गोटीरामांनी फटफटी गावच्या सोसायटीच्या ओट्यापाशी नेऊन तिसऱ्यांदा बंद केली होती.